ताटावरचा रुमाल

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरातला चकलीचा डबा अर्धा रिकामा झालेला असेल, करंज्या पाहुण्यांसाठी मोजून वेगळ्या ठेवलेल्या असतील, आणि चिवडा मात्र नेहमीप्रमाणे भरपूर उरलेला असेल. 'सुटले बाई एकदाची' असे म्हणून गृहिणीने मोठी कढई घासून माळ्यावर टाकली असेल. आणखी दीड-दोन महिन्यांनी हाच सारा खटाटोप पुन्हा सुरू होईल. आपल्या घरी नव्हे. गिरगावात, वांद्र्याला, वसईला आणि साऱ्या गोव्यात. तोच मैदा, तोच नारळ, तशीच कढई, आणि पुष्कळ अंशी तीच करंजी. फक्त तिथे तिचे नाव नेवरी, आणि सणाचे नाव नाताळ.

दिवाळी अंकात नाताळचे काय काम, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, हा विषय काढावा तो आत्ताच. ज्यांच्या हाताला अजून मैद्याचा आणि तुपाचा वास आहे, त्यांनाच शेजारणीच्या डिसेंबरातल्या कष्टांची खरी किंमत कळेल. मार्च महिन्यात हे लिहिले तर ती नुसती माहिती होईल.

पहिल्याने ताटाची ओळख करून देतो. नेवरीचे नाव वर आलेच. पण ती एकटी येत नाही. चण्याची डाळ, ओला नारळ आणि साखर आटवून केलेल्या वड्या म्हणजे 'दोस'. आपल्या पुरणाने वडीचे रूप घेतले तर ते असेच दिसेल. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ तासन् तास घोटून केलेला 'दोदोल' हा मूळचा मलाया-जावाकडचा. समुद्रमार्गाने इकडे आला आणि इथलाच झाला. बदामाचे मार्झिपान युरोपातून आले; पण इथे बदाम परवडेना, तेव्हा बायकांनी त्याच्या जागी काजू वाटला. काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला, म्हणजे एका पाहुण्याने दुसऱ्याची नड भागवली. 'बिबिंक' ही तर चिकाटीची परीक्षाच. एक थर ओतायचा, झाकणावर निखारे ठेवून वरून भाजायचा, मग त्यावर दुसरा. असे सात थर तरी हवेतच, हौशी घरी सोळापर्यंत जातात. या गोव्याच्या बिबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या साऱ्या नाताळी फराळाला गोव्यात 'कोंसुआद' म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण. आणि 'नाताळ' हा शब्दही तिकडचाच. त्याचा अर्थ साधा आहे, जन्म. मराठीच्या मास्तराला शब्दांचा फराळ आधी लागतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हे सारे आपल्याकडे परक्या सत्तेबरोबर आले, हे लपवण्याचे कारण नाही. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. गोवा तर १५१० पासून १९६१ पर्यंत. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये एक फर्मान काढले होते. ख्रिस्ती घरांत हिंदू पद्धतीने बिनमिठाचा भात शिजवू नये, तुळस लावू नये, अशी कलमे त्यात आहेत. धर्मसत्तेचा हात भाताच्या पातेल्यापर्यंत पोचला होता. करंजी मात्र त्यातूनही तगली, आणि येशूच्या जन्मदिवशी ताटात जाऊन बसली. आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापले, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. म्हणजे नाताळची कथा मराठी ओवीत येऊन चारशे वर्षे उलटली. एवढ्या मुदतीत माणूस पाहुणा राहत नाही.

मुंबई-वसईकडच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. राहायचे पश्चिम किनाऱ्यावर आणि म्हणवून घ्यायचे पूर्वेचे, अशी गंमत. असो.

आमचे जुने बिऱ्हाड गिरगावात, खोताच्या वाडीला पाठ लावून उभ्या असलेल्या चाळीत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी तिथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या, आणि वाडीला नाव त्यांचेच राहिले. त्या वाडीतल्या एका घरी माझ्या आईची मैत्रीण राहत असे. आम्ही मुले तिला आंटी म्हणत असू. ती माझ्या आईला वहिनी म्हणे. नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी त्या घरी 'कलकल' करायला बसत. मराठीत कलकल म्हणजे गलका, आणि त्या दुपारी नाव अगदी सार्थ होई.

कृती सोपी आहे, म्हणूनच कठीण. अर्धा किलो मैदा, दोन-तीन चमचे लोणी, अर्धी वाटी साखर, चिमूटभर मीठ, आणि हे सारे अर्ध्या नारळाच्या दाट दुधात घट्ट मळायचे. कोणी त्यात अंडे घालतात. तासभर पीठ झाकून ठेवायचे. मग बोराएवढी, खरे तर बोराहूनही लहान गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने चेपायची आणि गुंडाळत आणायची. काट्याच्या दातांच्या रेघा वर उमटतात आणि वळलेला लहानसा शिंपला तयार होतो. सांधा नीट दाबला नाही तर तेलात तो उलगडतो. तळून झाले की पाकात घोळवायचे. एवढेच.

पण अर्ध्या किलोचे शेकडो कलकल होतात, आणि प्रत्येक एकेकटा वळावा लागतो. एकट्या बाईने ठरवले तर रात्र उजाडते. म्हणून सारे घर बसे. आंटींचे यजमान एरवी वर्तमानपत्रातून डोके वर काढीत नसत. त्या दिवशी तेही जमिनीवर मांडी घालून बसत. धाकट्या मुलाला काटा मिळत नसे, त्याला नवा कोरा कंगवा धुऊन देत. एका सासुरवाशिणीचे कलकल फार मोठे होत, म्हणून तिची थट्टा चाले. पण ती माहेरच्या गोष्टी सांगे त्या याच वेळी. आंटींच्या सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नसे. त्यांचे कलकल सगळ्यांत सारखे असत, एका साच्यातून काढल्यासारखे. कोणी काय चोरून खाल्ले, कोणाचे लग्न जुळते आहे, कोणाचा पगार थकला आहे, हे सारे त्या परातीभोवती निघे. आपल्याकडे करंज्या करताना एक लाटते, एक भरते, एक कातते, तसेच. फरक एवढाच की आपल्याकडे या कामाला पुरुष क्वचितच बसत. तिथे बसत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

भट्टीची आठवण याहून सामायिक आहे. तेव्हा घरोघर ओव्हन नव्हते. दिवाळीला आम्ही रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर पिशवीत घालून बेकरीत नेत असू, आणि नानकटाई भाजून आणत असू. डिसेंबरात त्याच बेकरीत आंटींच्या केकचे भांडे जाई. पत्र्यावर नावाची चिठ्ठी असे, रांग असे, आणि आपला माल दुसऱ्याच्या पत्र्यात गेला म्हणून दरसाल एक तरी भांडण होई. तूप आपले, पण भट्टी बेकरीवाल्याची, त्यामुळे त्याच्याशी कोणी वाद घालीत नसे. घरातल्या आईच्या तुपाचा वास रस्त्यात पसरे आणि लाजल्यासारखे होई, असे माझी थोरली बहीण आजही सांगते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्याव्यात, असा आदेश दिला. हवेचा विचार केला तर ते योग्यच म्हणावे लागेल. माझ्या छातीलाही धूर सोसत नाही. तरी त्या पत्र्यावरच्या नानकटाईच्या बुडाला जो तांबूस रंग येई, त्याच्याबद्दल मी न्यायमूर्तींपुढे एक शब्द बोललो असतो.

आता ताटाकडे येतो. चोवीस तारखेच्या संध्याकाळी वाडीतून ताटे निघत. आमच्या घरी येणाऱ्या ताटावर आंटींनी स्वतः विणलेला पांढरा क्रोशाचा रुमाल असे. ताट आले की आई पदार्थ काढून घेई. रिकामे ताट परत करू नये म्हणून त्यात मूठभर साखर घाली, आणि रुमाल मात्र धुऊन, इस्त्री करून चार दिवसांनी पोचवी. दिवाळीत आमचे ताट त्याच घरी जाई. त्यावर आमचा साधा पंचा असे. त्याची तुलना आई मनात करीत असावी, कारण पुढे तीही क्रोशा शिकली.

पण हे चित्र आहे त्याहून गोड करून सांगण्यात अर्थ नाही. आमच्या आजीला ते ताट स्वयंपाकघरात चालत नसे. ते बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले जाई. आम्ही मुले तिथेच उभ्याने खात असू आणि हात धुऊन आत येत असू. कितीतरी घरांत शेजारचे ताट हसून घेतले जाई आणि मागल्या दाराने कामवालीच्या हाती जाई. देणाऱ्यांना हे कळत नव्हते असे कोणी समजू नये. आंटींना पक्के ठाऊक होते. एका वर्षी ताटात कोपऱ्यात एक वेगळी वाटी आली. निरोप होता: यात अंडे नाही, तेल नवीन, आजींसाठी. आजीने वाटी दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले असताना तिने एक कलकल खाल्ला. आईने ते पाहिले. आजी एवढेच म्हणाली, "शंकरपाळीच ही. नुसते केस विंचरलेत." पुढच्या वर्षापासून ताट आतल्या खोलीत आले. अंडे असलेल्या पदार्थांना तिने अखेरपर्यंत हात लावला नाही, आणि आंटींनी वाटी कधी चुकवली नाही. दोघींनीही आपापले सोडले नाही. तरी ताट आत आले. याला काय म्हणावे हे विद्वानांनी ठरवावे.

आजोबा गेले त्या वर्षी आमच्याकडे दिवाळीला कढई चढली नाही. फराळ नातेवाइकांनी आणून दिला. डिसेंबरात आंटींचे ताट दुपटीने भरून आले आणि त्यात नेवऱ्या जास्त होत्या. तुमच्या करंज्या राहिल्या ना, म्हणून. मग चार वर्षांनी त्यांचे यजमान वारले, नोव्हेंबरात. त्या नाताळात त्यांच्या दारावर कागदी चांदणी लागली नाही आणि परातीभोवती कोणी बसले नाही. माझ्या आईने तेवीस तारखेला मोठी कढई माळ्यावरून काढायला लावली. डिसेंबरात करंज्या कसल्या करतेस, असे वडील म्हणाले. तिने उत्तर दिले नाही. एकवीस करंज्या केल्या, मोजून. क्रोशाचा रुमाल तेव्हा आमच्याच घरी राहिलेला होता. तोच घालून ताट नेले. आंटींनी रुमाल ओळखला आणि मगच त्यांना रडू आले, असे आई सांगे.

आज फराळ विकत मिळतो, आणि नाताळचा खोकाही. दोन्ही छान असतात. चकली तुटत नाही, कलकल उलगडत नाही. जिला आठ तास नोकरी आणि तीन तास लोकल आहे, तिने विकत आणले म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. त्यातले कित्येक नाक मुरडणारे जन्मात कधी करंजी कातायला बसलेले नसतात. माझी तक्रार वेगळी आहे. विकतचा खोका शेजारी नेताना हात कचरतो. जे त्यांनाही त्याच दुकानात मिळते ते द्यायचे कशाला, असे वाटते. आणि मग जाणेच राहते. घरचे, किंचित वाकडे, जरा जास्त तळलेले असले की ते न्यावेसे वाटते. तेवढ्या निमित्ताने दार उघडते, मिनिटभर बसणे होते, कोण आजारी आहे ते कळते. मी ज्या गृहसंस्थेत आता राहतो तिथे दोन ख्रिस्ती कुटुंबे वसईची आहेत. सहा वर्षे आम्ही एकमेकांना उद्वाहनात पाहत होतो, आणि सणाच्या शुभेच्छा भ्रमणध्वनीवरील चित्रांतून देत होतो.

आंटी आता ऐंशीच्या पुढे आहेत. मुलगे परदेशी, सून तिकडे काजूऐवजी पुन्हा बदामाचेच मार्झिपान करते, म्हणजे चक्र पुरे झाले. आंटींची बोटे सांधेदुखीने वळत नाहीत. गेल्या डिसेंबरात मी आणि बायको त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी कपाटातून पाच-सहा जुने काटे काढून हिच्या हातात दिले. "नुसते ठेवून गंजतील," म्हणाल्या. अंडे घालायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा, पण नारळाचे दूध डब्यातले आणू नका, एवढी त्यांची अट.

ते काटे आमच्या फडताळात आहेत. यंदा नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी तीन वाजता आमच्या घरी बसायचे ठरले आहे. वसईच्या दोन्ही घरच्या मंडळींनी होकार दिला आहे. त्यांच्यातल्या एका आजींनी सांगून पाठवले आहे की अर्ध्या किलोने काही होणार नाही, दोन किलो मैदा आणा. आंटींना आणायला मुलगी गाडी घेऊन गिरगावात जाणार आहे. काटे सहाच आहेत. बाकीच्यांनी आपापले आणावेत, कंगवा आणला तर नवा असावा, असे बायकोने कळवले आहे.