औषधाला समुपदेशनाची अट नको, जोड हवी

पुणे-नगर रस्त्यावरील सणसवाडी हे शिरूर तालुक्यातील गाव गेल्या काही दशकांत शेतीकडून कारखान्यांकडे वळले, आणि या स्थित्यंतराबरोबर कंत्राटदाराच्या हजेरीपटावर नाव असलेला, भाड्याच्या खोलीत चौघांपाचांसह राहणारा आणि दिवसपाळी-रातपाळीच्या फेऱ्यात झोप हरवून बसलेला एक मोठा श्रमिकवर्ग तेथे वस्तीस आला. अशा माणसाला अफूवर्गातील पदार्थांचे व्यसन जडले, तर त्याच्या उपचाराची तजवीज आपण कोणत्या गृहीतांवर करतो, याचा विचार व्हावयास हवा.

अफू आणि थकलेले शरीर यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या गिरणीत पाळीवर जाणारी आई तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून निजवीत असे, ती त्याच्यावर माया नव्हती म्हणून नव्हे, तर भोंगा कोणासाठी थांबत नसे म्हणून. पुढे १९८०च्या दशकात ‘गर्द’, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, आले, आणि आज हेरॉइनच्या जोडीला वेदनाशामक गोळ्या व खोकल्याची औषधे यांचाही गैरवापर होतो. ट्रामाडॉल ही गोळी २०१८ साली अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणावी लागली, ती याच कारणाने. केंद्र सरकारने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकरवी करविलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील सुमारे २ टक्के लोक अफूवर्गातील पदार्थ सेवन करतात आणि सुमारे ६० लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे.

या व्यसनावर औषध आहे, ही गोष्ट सुशिक्षितांतही पुरेशी ठाऊक नाही. जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आणि मेथाडोनचे पातळ औषध यांनी ‘टर्की’ची, म्हणजे पदार्थ न मिळाल्याने होणाऱ्या अंगदुखीची, जुलाबांची व तळमळीची, यातना शमते, ओढ कमी होते आणि मृत्यूचा धोका निम्म्याच्या आसपास उतरतो. उलटपक्षी, काही दिवस कोंडून, शरीर ‘स्वच्छ’ करून, औषधाविना घरी धाडलेला रुग्ण पूर्वीच्याच मात्रेकडे परतला, तर ती मात्रा पेलण्याची शक्ती गमावलेले त्याचे शरीर श्वास थांबून दगावू शकते. म्हणून निव्वळ निर्धाराची शपथ घालणारी व्यसनमुक्ती येथे अपुरीच नव्हे, तर घातकही ठरते.

मग समुपदेशनाचे प्रयोजन काय? गोळी शरीराची मागणी भागविते. परंतु पगाराच्या दिवशी जुन्या सोबत्याचा फोन आला असता काय उत्तर द्यावयाचे, रातपाळीनंतर न येणाऱ्या झोपेचे काय करावयाचे, विश्वास उडालेल्या पत्नीसमोर कोणत्या तोंडाने बसावयाचे, हे गोळी शिकवीत नाही. ते शिकविण्याचे शास्त्र आहे, आणि त्याची परंपराही आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभे केले. गर्दविषयीचे अवचटांचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली होती. तेथे व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे समुपदेशक झाले आणि रुग्णांच्या पत्नींनाही उपचारात स्थान मिळाले. ‘गर्दुल्ला’ म्हणून हिणविला गेलेला मनुष्य उपदेशाने नव्हे, तर आपल्यासारख्याच्या संगतीने बोलता होतो, हे या संस्थेने दाखवून दिले.

तथापि समुपदेशनाविषयीच्या आदरापोटी एक अनिष्ट निष्कर्ष काढला जातो, तो असा की, समुपदेशनास जो बसणार नाही, त्यास औषधही देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच स्पष्ट केले, की मानसिक-सामाजिक आधार प्रत्येकास देऊ करावा. मात्र तो नाकारणाऱ्याचे औषध अडवू नये. चांगल्या वैद्यकीय देखरेखीसह औषध घेणाऱ्यांना जादा समुपदेशनाचा लाभ किती होतो, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. औषधाच्या लाभाविषयी मात्र तसा संदेह उरलेला नाही. सबब, बैठक चुकली म्हणून गोळी बंद करणे हा शिस्तीचा नव्हे, निष्ठुरतेचा प्रकार होय. आणि ज्याची पाळी दर आठवड्यास बदलते, त्याची बैठक चुकणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

यावरील उपाय सणसवाडीच्या शेजारीच शोधता येईल. जवळच्या वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात रुजविलेल्या ग्रामीण आरोग्यकार्यात गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर आरोग्यसेवा पोहोचविण्यात आली. त्याच न्यायाने, व्यसनातून सावरलेल्या, मराठीबरोबर हिंदीही बोलणाऱ्या व्यक्तींना रीतसर प्रशिक्षण व वेतन देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाळ्यांच्या वेळा पाहून बसवावे. स्थिरावलेल्या रुग्णास रोजच्या हेलपाट्याऐवजी काही दिवसांचे औषध वैद्यकीय देखरेखीखाली घरी न्यावयास द्यावे. आणि रुग्णाचे नाव कंत्राटदाराच्या कानी जाणार नाही, याचा पक्का बंदोबस्त करावा. स्वतःहून उपचारास येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला स्वसेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. ते आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ठळक मराठी-हिंदीत लावण्यास कोणत्याही नव्या हुकुमाची गरज नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन पकडले, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. मेफेड्रोन अफूवर्गातील नव्हे आणि त्याच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषधही नाही. तेथे समुपदेशन हाच मुख्य उपचार. म्हणजे पदार्थ कोणताही असो, तालुक्यात शिकलेला समुपदेशक लागणारच. पकडलेल्या मालाची किंमत कोटींत मोजणाऱ्या शासनाने शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत असे समुपदेशक किती नेमले, याचाही आकडा दरवर्षी जाहीर करावा.