दुकान त्यांचे, तराजू त्यांचा, अडतही त्यांचीच

येत्या जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर या वेळी एक वेगळाच विषय आहे. आपल्या काही कार्यकर्त्यांच्या पोरांनी फवारणीची आणि खर्चाची वही मोबाईलवर आणली. कोणत्या तारखेला कोणते औषध मारले, मजुरी किती गेली, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, हे सगळे त्या ॲपमध्ये लिहिता येते. दोन हंगाम ते फुकट चालले. आता सर्व्हरचे भाडे पोरांच्या खिशातून जात आहे आणि वर्गणी लावावी असा प्रस्ताव आला आहे. त्यावर तालुक्यातालुक्यातून दोन सूर निघाले. काही म्हणतात, शेतकऱ्याकडून पैसे घेतले म्हणजे आपणही दुकानदारच झालो. काही म्हणतात, लावा महिना शंभर रुपये आणि मोकळे व्हा. आम्हाला दोन्ही मान्य नाही.

पहिल्या सुराबद्दल फार बोलायची गरज नसावी. आयुष्यभर आपण उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव मागत आलो. मग ॲप लिहिणाऱ्याचा उत्पादनखर्च कोणी भरायचा? फुकट ॲपची किंमत कोणी ना कोणी देतच असतो. कधी ती जाहिरातीतून निघते, कधी आपले गाव, आपले पीक, आपले कर्ज यांची माहिती दुसऱ्याच्या हाती देऊन निघते. त्यापेक्षा रोख पैसे टाकून वही विकत घेतलेली बरी.

खरी गोम दुसऱ्या सुरात आहे. वर्गणी लावायची म्हणजे नेमके काय करायचे, ते पैसे कोणत्या वेशीतून जातात आणि वेशीवर कोण बसला आहे, हे कोणी पाहिलेले नाही.

अँड्रॉइड फोनवर ॲप द्यायचे तर गूगलच्या प्ले दुकानात गाळा घ्यावा लागतो. त्याचे एकदाच २५ डॉलर. आयफोनसाठी ॲपलच्या दुकानात दरवर्षी ९९ डॉलर. हे भाडे किरकोळ आहे. पुढे ॲपच्या आत काही विकायचे झाले की आपले बँक खाते आणि कराची कागदपत्रे त्या दुकानात नोंदवायची, मग विकायचा जिन्नस नोंदवायचा: एकदाच विकत घ्यायचा की मुदतीची वर्गणी, किंमत किती, मुदत किती. गिऱ्हाईक बटण दाबते, पैसे दुकानाच्या गल्ल्यात जातात, आपल्याला एक पावती येते. ती पावती खरी की बनावट हे आपल्या सर्व्हरवरून दुकानाला विचारून घ्यायचे आणि माल पोचता केल्याची कबुली द्यायची. गूगलच्या नियमात ही कबुली तीन दिवसांत गेली नाही तर पैसे आपोआप गिऱ्हाइकाला परत जातात. पोरांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. कबुलीची एक ओळ लिहायची राहिली तर विकलेला सगळा माल चौथ्या दिवशी फुकटात गेला असे समजा.

आता अडत. दोन्ही दुकानांचा मूळ दर शंभराला तीस. ॲपलचे दुकान २००८ साली उघडले तेव्हापासूनचा हा आकडा. ओरड वाढली तशी २०२१ मध्ये लहान विक्रेत्यांसाठी, म्हणजे वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतल्या धंद्यासाठी, दोघांनीही पंधरा केला. वर्गणीवर गूगलने २०२२ पासून पहिल्या दिवसापासूनच पंधरा लावला. हे दर कोर्टकचेऱ्यांमुळे हलत असतात, म्हणून जिन्नस नोंदवायच्या दिवशीचा दर पाहूनच भाव बांधावा. पण पंधरा धरले तरी शंभरातले पंच्याऐंशी हाती येतात, आणि त्यातून जीएसटीचा हिशोब वेगळाच. उलट भाजीवाली बाई फोनच्या चौकटीवर, यूपीआयने शंभर रुपये घेते तेव्हा तिला शंभरच मिळतात. २०२० च्या जानेवारीपासून त्या व्यवहारावर व्यापाऱ्याला शुल्क नाही. रक्कम तीच, फोन तोच, बँकही तीच.

आणखी एक मासला पाहा. ॲपवरून डाळिंबाची पेटी विकली तर दुकानाला छदामही द्यावा लागत नाही, कारण हाताला लागणाऱ्या मालाला हा नियमच नाही. तिथे आपण हवा तो पैशाचा मार्ग वापरू शकतो. पण त्याच डाळिंबावरच्या तेल्याचा सल्ला विकला की अडत लागू. झाडाला अडत नाही, अकलेला आहे!

अडत्याला उगाच शिव्या घालण्याचा आमचा स्वभाव नाही. बाजार समितीतला अडत्या माल उतरवून घेतो, लिलाव लावतो, अडीअडचणीला उचल देतो. ही दुकानेही काही काम करतात. देशोदेशींचे पैसे गोळा करतात, परतावा देतात, चोरटी ॲपे काही प्रमाणात अडवतात. त्या कामाचे पैसे जरूर घ्यावेत. आमचे भांडण वेगळे आहे. आमच्याच गाळ्यात बसा, आमच्याच काट्यावर मोजा, आणि रस्त्यापलीकडे काटा स्वस्त आहे हे गिऱ्हाइकाला सांगितलेत तर गाळा रिकामा करा, या दंडेलीशी ते आहे. १९७१ च्या कायद्याने आलेल्या कापसाच्या एकाधिकार खरेदीत राज्याच्या सीमेवर गाड्या अडवल्या जायच्या, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. फरक इतकाच की तिथे नाक्यावर पोलीस दिसायचा, इथे कोणी दिसत नाही.

हे भांडण आपण एकटेच करत नाही. अमेरिकेत एपिक नावाच्या खेळ बनवणाऱ्या कंपनीने २०२० च्या ऑगस्टमध्ये आपल्या खेळात पैसे भरायचा स्वतःचा मार्ग टाकला आणि त्याच दिवशी तो खेळ दोन्ही दुकानांतून बाहेर काढला गेला. खटले चालले. बाहेरच्या मार्गाची दिशा दाखवू द्या असे कोर्टाने सांगितल्यावर ॲपलने २०२४ मध्ये त्या बाहेरच्या विक्रीवरही २७ टक्के मागितले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीशांनी हा आदेशाचा जाणूनबुजून केलेला भंग ठरवला. दक्षिण कोरियाने २०२१ मध्येच या सक्तीविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला या पैसे भरण्याच्या सक्तीबद्दल ९३६.४४ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात, २०२३ मध्ये, भारतात दुसरा पैशाचा मार्ग शेजारी ठेवायची मुभा मिळाली. सूट किती, तर चार टक्के! म्हणजे पंधराचे अकरा, तिसाचे सव्वीस. पैसे दुकानाच्या गल्ल्यात आलेच नाहीत तरी. बाजार समितीच्या आवाराबाहेर, बांधावर माल विकला तरी सेस मागणारे आपण पाहिले आहेत, त्यातलीच ही गत. मार्च २०२४ मध्ये लग्न जुळवणाऱ्या आणि नोकऱ्या शोधणाऱ्या नावाजलेल्या भारतीय कंपन्यांची ॲपे या वादात दुकानातून काढली गेली आणि सरकार मध्ये पडल्यावर काही दिवसांत परत आली. त्यांच्यासाठी दिल्लीत मंत्री बोलले. आपल्या पोरांची वही काढली तर कोण बोलणार?

म्हणून आमचे म्हणणे असे की वर्गणी लावावी, पण महिन्याची नको. आपल्याला पगार नाही. द्राक्षाचे पैसे एकदा येतात, कांद्याचे आले तर आले. दर महिन्याला आपोआप खात्यातून कापली जाणारी वर्गणी हा पगारदारांचा बेत आहे. आपल्या खात्यात जूनमध्ये काय असते ते सोसायटीच्या सचिवाला विचारा. गूगलने २०२२ पासून आगाऊ भरायच्या वर्गणीची सोय केली आहे. ठरावीक मुदतीचे पैसे एकदा भरायचे, मुदत संपली की संपली, पुन्हा हवी तर पुन्हा भरा. हंगामाची वही त्यातच बसवावी.

दुसरे, सात दिवस फुकट आणि आठव्या दिवसापासून कापाकापी, हा सापळा आपल्या ॲपमध्ये नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ज्या फसव्या चाली मना केल्या त्यांत वर्गणीचा सापळाही आहे. घेताना एक बटण आणि सोडताना सात दारे, असे करणाऱ्याला तो नियम लागतो.

तिसरी अट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. वर्गणी संपली तरी शेतकऱ्याने स्वतः लिहिलेली नोंद त्याला वाचता आणि उतरवून घेता आलीच पाहिजे. नवे हिशोब, सूचना, हवामान बंद करा, हरकत नाही. पण त्याच्या बागेच्या फवारणीच्या तारखा त्याच्या आहेत. निर्यातीच्या तपासणीच्या दिवशी वर्गणी संपली म्हणून वही कुलपात गेली, तर पैशासाठी सातबारा अडवणाऱ्यात आणि आपल्यात काय फरक राहिला? तसेच शिवारात रेंज नसते. पावती तपासायला सर्व्हर सापडला नाही म्हणून पैसे भरलेल्या माणसाला दार बंद होऊ नये. काही दिवसांची सवलत ठेवावी.

आणि जे आधीच दुसऱ्यांच्या वर्गण्यांत अडकले आहेत त्यांच्यासाठी. फोनवरून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद होत नाही. पैसे कापले जातच राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापण्याच्या २४ तास आधी संदेश यावा लागतो, पण जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी मागितला जात नाही, आणि तो संदेश बहुधा इंग्रजीत येतो, जाहिरातींच्या ढिगात हरवतो. अँड्रॉइडवर प्ले दुकान उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा, पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जा, तिथे यादी दिसेल. नको ते रद्द करा. पोरे खेळत असतील तर त्याच दुकानाच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. लेकरांनी आईबापांना न विचारता केलेल्या अशा खरेद्यांपायी ॲपलला अमेरिकेत २०१४ मध्ये किमान सव्वातीन कोटी डॉलर परत करावे लागले होते, तेव्हा हा काही आपल्याच घरातला वेंधळेपणा नाही.

बैठकीला येताना फोन चार्ज करून आणा, माताभगिनींनी आपलेही आणावेत. ॲप करणारी पोरे हजर राहतील. विषय मताला टाकण्याआधी अर्धा तास प्रत्येकाच्या फोनमधल्या चालू वर्गण्यांची यादी काढून पाहू.