भूल आणि भीती

‘भूल दिली की पोर मंद होते!’ माझ्या मावसबहिणीच्या सात महिन्यांच्या मुलाची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आणि घरातील वडीलधाऱ्यांनी हा निकाल देऊन टाकला. शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचे घाटू लागले. मी पडलो कला शाखेचा विद्यार्थी; वैद्यकशास्त्रात माझी गती ती काय? तरीही या भीतीत तथ्य किती, हे पाहावे म्हणून मी वाचू लागलो.

भीती अगदीच निराधार नाही. 2003 साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या 7 दिवसांच्या पिलांना 6 तास भूल दिली, तेव्हा त्यांच्या वाढत्या मेंदूतील पुष्कळ पेशी मेल्या. पुढे ती पिले शिकण्यातही मागे पडली. 2016 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की 3 वर्षांखालील मुलांना 3 तासांहून अधिक वेळ किंवा वारंवार भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याचा संभव आहे.

पण हे झाले अर्धे सत्य. 7 देशांतील 722 तान्ह्या मुलांची पाहणी हर्नियाच्याच शस्त्रक्रियेबाबत झाली. काहींना पूर्ण भूल दिली, काहींचा केवळ कमरेखालचा भाग बधिर केला. 2019 साली निष्कर्ष आला : पाचव्या वर्षी दोन्ही गटांच्या बुद्धीत फरक नाही. ही भूल जेमतेम तासाभराची होती.

आणि भूलच नको म्हणणाऱ्यांनी इतिहासही आठवावा. तान्ह्या जिवाला वेदना कळत नाहीत, या समजुतीने एकेकाळी नवजात बालकांवर नाममात्र भुलीत शस्त्रक्रिया होत. पुरेशी वेदनाशामके दिलेली बालके अधिक सुखरूप राहतात, हे 1987 साली डॉ. कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

तेव्हा मेंदू जपणे म्हणजे भूल टाळणे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. थांबण्याजोगी शस्त्रक्रिया जरूर थांबवावी; पण हर्नियात आतडे अडकले तर जिवावर बेतते, तेथे थांबणे हाच धोका! भूल किती वेळ चालेल, दोन कामे एकाच भुलीत उरकतील काय, श्वास आणि रक्तदाबावर लक्ष कोण ठेवणार, हे आईबापांनी विचारावे.

दुर्दैव असे, की संमतीपत्रावर सही घ्यायला सारे तत्पर. समजावून सांगायला मात्र कुणाला सवड नाही. माझ्या बहिणीने धीर करून भूलतज्ज्ञांना विचारले, त्यांनी पाच मिनिटे बसून उत्तरे दिली, आणि घरातला विरोध मावळला. भीतीवरचा उतारा एवढा सोपा असताना तो आपण का मागू नये?