ओळीत घुसलेली जाहिरात

जाहिरातीशी आमचे वैर नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आज हे अंक जाहिरातींच्याच बळावर निघतात. पण तेथे जाहिरात आपले पान सोडीत नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीचा कारागीर घंगाळे दुकानात मांडतो. शेजाऱ्याच्या पोथीत घुसवीत नाही!

संकेतस्थळांवर मात्र लेखकाच्याच शब्दाखाली रेघ ओढून तो शब्द विकला जातो. अर्थ कळेल म्हणून बोट ठेवावे, तो समोर साबण! ‘फुकट वाचता ना, मग सोसा,’ म्हणे. जाहिरात पाहणे ही किंमत झाली; फसणे नव्हे. २०२३ साली केंद्र सरकारने मजकुराचे सोंग घेतलेली जाहिरात निषिद्ध ठरविली. पण वाचक कायद्यासाठी थांबत नाही; चिडून तो सगळ्याच जाहिराती रोखतो, आणि सचोटीचा दुकानदारही त्यात भरडला जातो.

संपादकहो, शब्द विकाल तर वाचक गमवाल!