जात्याचा खुंटा आणि निवृत्ताची वही

आज आषाढी पौर्णिमा, व्यासपूजेचा पवित्र दिवस. बिलोली, कुंडलवाडी, सगरोळीच्या घराघरांतून आज गुरुप्रतिमेचे पूजन होईल, आठवडाभर चाललेल्या पारायणांची समाप्ती होईल. ज्या घरी श्रीसाईसच्चरिताची पोथी आहे तेथे ती चौरंगावर विराजमान होईल. परंतु त्या पोथीचा कर्ता हा एक सेवानिवृत्त सरकारी अधिकारी होता आणि त्याच्या निवृत्तिवेतनात घरखर्च भागत नव्हता, ही गोष्ट पूजेच्या गडबडीत सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ती आज मुद्दाम आठवावी, असे वाटते.

गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजेच बाबांनी ज्यांना हेमाडपंत म्हटले ते गृहस्थ, वांद्रे येथे मॅजिस्ट्रेट होते. १९१६ साली ते निवृत्त झाले. त्याच वर्षी गुरुपौर्णिमेस ते शिरडीस गेले असता अण्णा चिंचणीकरांनी आपण होऊनच बाबांपुढे त्यांची अडचण मांडली: निवृत्तिवेतन अपुरे, कुटुंब वाढते, तेव्हा यांना आणखी एखादी नोकरी लागावी. नोकरी मिळेल, पण आता यांनी माझी चाकरी करावी, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ती चाकरी म्हणजे नऊ हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ! १९२३ पासून तो ‘श्रीसाईलीला’ मासिकातून क्रमशः येऊ लागला. १९२९ साली दाभोलकर निवर्तले आणि पुढील वर्षी ग्रंथ पुस्तकरूपाने भक्तांच्या हाती आला.

या ग्रंथाची मूळ प्रेरणा कोणती, हे तर भाविकांना विदितच आहे. दाभोलकरांना प्रथम दर्शन घडले ते १९१० साली. त्यानंतरच्या एका सकाळी ते मशिदीत गेले, तो बाबा गोणपाट अंथरून, जाते मांडून गहू दळीत बसलेले! गावच्या चार स्त्रियांनी पुढे होऊन खुंटा धरला, ओव्या म्हणत दळण उरकले आणि पीठ वाटून घेण्याच्या बेतात त्या होत्या. बाबा रागावले. ते पीठ त्यांनी शिवेवर, ओढ्याच्या काठी टाकावयास लावले. दाभोलकरांनी गावकऱ्यांना कारण पुसले. गावातली महामारी दळून टाकली, असे उत्तर आले. आणि या पुरुषाची चरित्रलीला लिहावी, हा विचार तेथे त्यांच्या मनात रुजला.

प्रेरणा आली ती जात्यावरून, हे येथे लक्षात घ्यावे. खुंटा, सूप, पदर खोचून बसलेल्या चार बायका आणि त्यांच्या ओव्या, एवढेच काय ते साहित्य होते. दुसरी गोष्ट अशी, की ते दृश्य अनेकांनी पाहिले, पण ‘हे असे का?’ म्हणून चौकशी करून ते लिहून ठेवण्याची बुद्धी झाली ती एकालाच. साक्षी-पुरावे तपासण्यात ज्याचा जन्म गेला तो येथेही साक्षच काढीत होता. त्याचे खात्यातले वळण ईश्वराने वाया जाऊ दिले नाही. तद्वत् तलाठ्याची नजर, शिक्षकाचा कान, एस. टी. वाहकाची माणसांची ओळख ही निवृत्तीच्या हारतुऱ्यांबरोबर सुकून जावी, असे थोडेच आहे?

आपल्या नांदेडकरांना तर असा दाखला शोधण्यास शिरडीपर्यंतही जावयास नको. पोलीस खात्याची नोकरी सोडून कीर्तनरंगी रंगलेले संतकवी दासगणू महाराज आपल्याच जिल्ह्यात राहिले. उमरी तालुक्यातील गोरटे हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. ईशावास्योपनिषदावर मराठीत टीका लिहिताना त्यांना एक शंका पडली. पंडितांकडून ती सुटेना. सुटली ती विलेपार्ले येथे काकासाहेब दीक्षितांच्या घरी, फाटके वस्त्र नेसून भांडी घासणाऱ्या एका लहानग्या मोलकरणीच्या गाण्यातून! नवे लुगडे मिळाले तेव्हा ती आनंदली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुने नेसून आली तरी तितकीच आनंदी होती. उपनिषदाचा अर्थ मोरीपाशी बसला होता.

मग आमचे निवृत्त गृहस्थ काय करतात? काही जण ओसरीवर बसून सुनेच्या कामातील उणिवा मोजतात. काही वानप्रस्थाचा असा अर्थ लावतात की घराकडे पाठ फिरवली म्हणजे देव समोर आला. हा अर्थ प्रस्तुत लेखकास पटत नाही. ज्या घराने तीस-पस्तीस वर्षे सकाळचा डबा दिला, ते घर त्या काळात आपण पाहिले तरी होते का, हा खरा प्रश्न आहे. शिवाय निवृत्तीचा हुकूम पुरुषाला मिळतो. त्याच्या पत्नीला तो कधीच मिळत नाही, आणि ती स्वतः नोकरी करणारी असली तरी कचेरीतून सुटते, चुलीपासून सुटत नाही. तेव्हा घराकडून प्रेरणा घ्यावयाची तर प्रथम खुंट्याला हात लावावा लागेल. भाजी निवडता निवडता जे कानी पडते ते आरामखुर्चीत ऐकू येत नाही.

आणि ऐकण्यासारखे घटकाघटकाने नाहीसे होत आहे. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. आता लग्नघरी हळद दळण्यापुरते त्याला सूत बांधून पुजले जाते. त्याबरोबर ओव्याही गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मुळशीकडील खेड्यांपासून आरंभ करून गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. केवढे हे धन! आमच्या सीमेवरच्या मुलखात तर त्याची छटा निराळीच. मांजरेपलीकडून, बोधन-निजामाबादेकडून आलेल्या सुना तेलुगूत अंगाई म्हणतात आणि मराठीत आरती. आजोबांच्या पिढीची सालगड्याची हिशेबवही उर्दूत, तर देवघरातली पोथी मराठीत. हे सारे एकाच छपराखाली नांदले, याची नोंद घरातल्या माणसाने नाही करायची, तर कोणी करायची?

चातुर्मास नुकताच सुरू झाला आहे. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कोणी लक्ष वाती वाहील. निवृत्तांनी एक वही घालावी. रोज एक पान, कार्तिकी एकादशीपर्यंत. वृत्तांची, यमकांची चिंता नको; साधी हकिगत चालेल. आईला किंवा पत्नीला दळणकांडणाची गाणी विचारावीत, नातवाने देवापुढे मागितलेले मागणे लिहावे, शेतावरच्या वडीलधाऱ्या बायकांकडून निंदणीच्या वेळचे बोल घ्यावेत. फक्त एक पथ्य पाळावे: ओवी उतरून घेताना सांगणारीची अनुमती घ्यावी, शब्द सुधारू नयेत, आणि खाली तिचे नाव, सासरच्या नावाबरोबर माहेरच्या गावाचे नावही, स्पष्ट अक्षरांत लिहावे.