मोजण्याआधी वाचा

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले. त्याचा पहिला भाग छापून आला १९७६ मध्ये. मधली अठ्ठावीस वर्षे अभ्यासक ग्रंथांतून शब्द वेचत, चिठ्ठ्या लिहीत आणि लावत बसले होते. आजच्या पदोन्नतीच्या अर्जात त्या चिठ्ठ्यांना रकाना नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या कामाला गुण देणारे ‘एपीआय’ गुणांकन आणले, तेव्हा निवड समित्यांतल्या वशिल्याला आळा घालण्याचा हेतू रास्तच होता. पण तज्ज्ञ परीक्षण न करणाऱ्या नियतकालिकातल्या निबंधालाही, त्याला आयएसएसएन असला की, गुण मिळू लागले. हा क्रमांक म्हणजे नियतकालिकाची ओळख पटवणारी नोंद. मजकुराच्या दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणारी दुकाने याच फटीतून फोफावली. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण प्राध्यापकांनीही नोकरीच्या आशेने पदरमोड करून तिथे निबंध छापले, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

पुढे आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली १,००९ नियतकालिके तपासली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली. मग पुणे विद्यापीठातल्या कक्षाच्या आधारे ‘केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी पुन्हा विद्यापीठांवर आली. म्हणजे जिथून त्या सदोष शिफारशी गेल्या होत्या, तिथेच.

यादी बदलून प्रश्न सुटणार नाही, कारण दोष मोजणीतच आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दोघांनी मिळून लिहिलेल्या निबंधाचे ७० टक्के गुण प्रत्येकाला मिळतात. दोघा सहकाऱ्यांनी आपापल्या निबंधावर एकमेकांची नावे घातली, की दोघांचेही गुण १०० वरून १४० होतात आणि ज्ञानात एका ओळीचीही भर पडत नाही. इम्पॅक्ट फॅक्टरचेही तेच. नियतकालिकातल्या निबंधांचा इतरत्र सरासरी किती वेळा हवाला दिला जातो हे सांगणारे, ग्रंथालयांना नियतकालिके निवडायला उपयोगी पडणारे हे माप. त्यावर एकेका निबंधाचे गुण ठरवणे चूकच.

विभागांची मोजणी तर आणखी अन्यायाची. जिथे निम्मी पदे वर्षानुवर्षे रिकामी, तिथे उरलेले शिक्षक सगळ्यांचे तास घेतात आणि एकूण निबंधांच्या आकड्यात तो विभाग मागास ठरतो. निदान भरलेल्या पदांशी तरी हा आकडा ताडून पाहावा.

ब्रिटनमध्ये २०२१ च्या संशोधन-मूल्यमापनात विभागांनी दर शिक्षकामागे सरासरी अडीच कामे सादर केली आणि ती विषयातल्या जाणकारांच्या समित्यांपुढे गेली. त्या पद्धतीवर खर्च फार होतो, तिच्यावर वादही होतात. पण तिथे काम वाचण्याची तजवीज आहे. आपल्या विद्यापीठांनी नव्या याद्या करत बसू नये. पाच वर्षांतली प्राध्यापकाच्या पसंतीची तीन कामे मागवावीत. निबंध, संपादित पोथी, कोशातल्या नोंदी, गावाची पाहणी, मराठीतला ग्रंथ, काहीही चालावे. ती बाहेरच्या विद्यापीठातल्या, त्या विषयाच्या आणि त्या भाषेच्या जाणकाराकडे पाठवावीत. त्याला वाचायला पुरेसे दिवस आणि योग्य मानधन द्यावे, आणि त्याचा सही केलेला अभिप्राय त्या प्राध्यापकाच्या हाती पडावा.