एम्बसीला अर्ज लिहिता येतो का?

आमच्या कोकणात ‘मुलगा काय करतो?’ असे विचारले की ‘बाहेरगावी असतो’ एवढे उत्तर पुरते. बाहेरगाव म्हणजे दुबई, दोहा, कुवेत, मस्कत, रियाध, दम्माम. दापोली, खेड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतल्या कितीतरी मोहल्ल्यांच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या तिकडे राबल्या आहेत. गावातली पक्की घरे, मशिदींचे मिनार, शाळांच्या वर्गखोल्या त्यांच्या पैशावर उभ्या राहिल्या. आखाती देशांत आज सुमारे ९० लाख भारतीय राहतात आणि त्यांत आपली माणसे काही थोडी नाहीत. तरीही तिकडे अडचण आली तर आपल्याच सरकारकडे मदत कशी मागायची, हे आपल्या घराघरांत अजून ठाऊक नाही.

पगार थांबला, मालकाने पासपोर्ट अडकवला, अपघात झाला, पोलिसांनी पकडले, की फोन सुरू होतात. आधी मामूला. मग ज्याने व्हिसा आणून दिला त्या एजंटला. मग जमातीच्या सदरसाहेबांना. मग आमदाराच्या ओळखीच्या माणसाला. एम्बसीचे नाव निघते ते सगळ्यांत शेवटी, आणि तोवर महिना-दोन महिने निघून गेलेले असतात.

असे का होते? पहिले कारण भीती. ‘इकामा संपलाय, कफील सोडून दुसरीकडे काम करतोय, एम्बसीत गेलो तर हेच लोक पकडून देतील,’ असे मुले सांगतात. ही भीती समजण्यासारखी असली तरी चुकीची आहे. एम्बसी म्हणजे त्या देशाची पोलीस चौकी नव्हे. व्हिसा संपला म्हणून नागरिकत्व संपत नाही. ज्याचा पासपोर्ट हरवला किंवा मालकाने परत दिला नाही, त्याला मायदेशी येण्यापुरता ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ नावाचा कागद एम्बसीच देते. संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर २०२४ पासून मुदत संपलेल्या लोकांना दंडाशिवाय परतण्याची सवलत दिली आणि ती पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. ज्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता त्यांना अशा सवलतीचा फायदा घेण्यासाठीही आपल्याच वाणिज्य दूतावासाच्या दारात जावे लागते. जो भीतीने खोलीत बसून राहतो, त्याच्या हातून सवलत जाते आणि भीती तेवढी राहते.

दुसरे कारण मला जास्त खटकते. आपण मदतीला मेहेरबानी समजतो. साहेबाची मर्जी असेल तर करील, नाहीतर नाही, असा आपला हिशेब असतो. म्हणून अर्ज करण्याऐवजी आपण ओळख शोधतो.

कायदा काय सांगतो ते पाहू. १९६३च्या व्हिएन्ना कराराचे ३६वे कलम असे की परदेशात एखाद्याला अटक झाली तर त्याच्या देशाच्या दूतावासाला कळवले जावे असे तो मागू शकतो, आणि हा हक्क त्याला विनाविलंब सांगणे हे अटक करणाऱ्यांचे काम आहे. दूतावासाचा अधिकारी त्याला तुरुंगात भेटू शकतो, वकील मिळवून देण्याची व्यवस्था करू शकतो. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारत याच कलमासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढला. १७ जुलै २०१९च्या निकालात पाकिस्तानने हे कलम मोडले असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. तेव्हा सगळ्या देशाने टीव्हीवर ‘कॉन्सुलर ॲक्सेस’ हे शब्द ऐकले. माझे म्हणणे एवढेच की दम्मामच्या कोठडीत बसलेल्या आपल्या ट्रकड्रायव्हरचा हक्कही याच कलमातला आहे. तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीधर्माचा, किती शिकलेला, हे त्या कलमात कुठेही विचारलेले नाही.

पैशांचेही तसेच आहे. २००९ साली सरकारने परदेशातल्या भारतीयांसाठी कल्याण निधी सुरू केला. अडकलेल्या माणसाचे राहणे-खाणे, परतीचे तिकीट, तातडीचा औषधोपचार, गरजूला कायद्याची मदत, मय्यत गावी आणण्याचा खर्च, हे त्यातून होऊ शकते. परिस्थिती पाहून, खरोखर गरज असलेल्यालाच ते मिळते. हा निधी भरतो कसा? परदेशात पासपोर्टचे किंवा इतर कागदांचे काम केले की दूतावास शुल्कासोबत या निधीसाठी थोडी रक्कम घेतो. म्हणजे तो पैसा तिकडे राबणाऱ्यांनीच भरलेला आहे. ती जकात नाही, खैरात नाही. तो मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

आता अर्जाकडे येतो, कारण गाडी अडते ती तिथेच. काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई मोबाइल घेऊन शाळेत आली. मुलगा सौदीत एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. पाच महिने पगार नाही, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. मुलाने पंधरा-वीस व्हॉइस मेसेज पाठवले होते. ते ऐकताना काळीज हलत होते, पण त्यांत एकही तारीख नव्हती. कंपनीचे पूर्ण नाव नव्हते, इकाम्याचा नंबर नव्हता. घरी पासपोर्टची झेरॉक्सही नव्हती. एवढी माहिती जमवण्यातच दोन दिवस गेले. मग परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर आईच्या नावाने तक्रार नोंदवली. हे पोर्टल फेब्रुवारी २०१५ पासून चालू आहे आणि नातेवाइकांना गावी बसूनही त्यावर तक्रार करता येते. तक्रारीला नंबर मिळाला. पुढे एम्बसीने कंपनीकडे विचारणा केली. पोरगा घरी आला तो जवळजवळ तीन महिन्यांनी आणि थकलेला सगळा पगार काही मिळाला नाही. पण तो आला, आणि कंपनीला उत्तर द्यावे लागले.

लोक म्हणतात, ‘सर, एम्बसीत कोण ऐकतो? फोन उचलत नाहीत.’ हा अनुभव अनेकांचा आहे, तो मी खोटा ठरवणार नाही. पण म्हणूनच लेखी अर्ज हवा. फोनवरचे रडणे फोनबरोबर संपते. नंबर पडलेली तक्रार कोणाच्या तरी टेबलावर राहते, तिचे काय झाले हे पुन्हा पुन्हा विचारता येते. आमदार-खासदारांकडे गेलात तरी तो नंबर हातात असेल तर त्यांच्या पत्रालाही वजन येते.

दूतावासाने काय होत नाही, तेही सांगायला हवे. तो त्या देशाच्या न्यायालयाचा निकाल बदलू शकत नाही. तुमचे कर्ज फेडत नाही. गुन्हा केला असेल तर दरवाजा उघडून बाहेर काढत नाही. मालकाकडून पगार जबरदस्तीने वसूल करत नाही, त्यासाठी तिथल्याच कामगार न्यायालयात जावे लागते. तो पाठपुरावा करतो, भेटतो, कागद देतो, दुभाषा आणि वकील यांची वाट दाखवतो. जास्तीची आशा लावली की निराशा येते आणि मग माणूस हक्काचे तेवढेही मागत नाही.

सरकारच्या व्यवस्थेतही एक मोठे भगदाड आहे आणि शिक्षक म्हणून ते मला रोज दिसते. १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी न झालेला कामगार १८ देशांत नोकरीला निघाला तर सरकारी मंजुरी लागते. त्याचा करार पाहिला जातो, नोंद ई-मायग्रेटवर होते, प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. २०१७च्या सुधारित योजनेत दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण ठेवले आहे. पण पोरगा दहावी पास झाला की त्याच्या पासपोर्टवरून ती अट जाते. घरात पेढे वाटतात, ‘ईसीएनआर’ मिळाला म्हणून. आणि त्याच दिवसापासून सरकारच्या लेखी तो स्वतःची काळजी घ्यायला समर्थ ठरतो. सोळा वर्षांचा, ३५ टक्क्यांनी पास झालेला मुलगा कराराचे इंग्रजी-अरबी वाचणार आहे असे गृहीत धरले जाते. २०१८ च्या अखेरीस अशा मुलांनाही नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश निघाला होता, तो अंमलात येण्याआधीच थांबवला गेला. नोंदणी ऐच्छिक राहिली. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम शोधणारे तर कोणत्याच वहीत नसतात.

२०१६ मध्ये जेद्दा परिसरात एका मोठ्या बांधकाम कंपनीने पगार बंद केले आणि हजारो भारतीय कामगार उपाशी राहिले. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ट्विटरवरून हालचाल केली, वाणिज्य दूतावासाने आणि तिथल्या भारतीयांनी मिळून एका रात्रीत पंधरा हजार किलोंहून जास्त धान्य-किराणा पोहोचवला. त्या कामाबद्दल मनात आदर आहे. पण ज्याला ट्वीट करता येते त्याचाच आवाज मंत्र्यापर्यंत जावा, ही व्यवस्था म्हणून पुरेशी नाही. कॅम्पातला मजूर आणि गावातली त्याची आई यांनाही पोहोचता आले पाहिजे.

केरळने यासाठी १९९६ मध्येच स्वतंत्र खाते काढले. जाण्याआधी मुलांना माहितीचे वर्ग, परतलेल्यांना मदत, विमानतळावरून मय्यत घरी न्यायला रुग्णवाहिका, हे तिथे सरकारी काम समजले जाते. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून जास्त भारतीय गेले, तेव्हा हवाई दलाचे विमान मृतदेह घेऊन आधी कोचीला उतरले आणि राज्याची यंत्रणा तिथे तयार उभी होती. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांनी इतकी वर्षे परकीय चलन पाठवले. या दोन जिल्हाधिकारी कार्यालयांत मराठी आणि उर्दूत अर्ज लिहून देणारा, ‘मदद’वर नोंदवणारा एक कक्ष मागणे ही काही फार मोठी मागणी नाही.

सरकारने करायचे ते सरकारने करावे. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. जो मुलगा बाहेरगावी निघेल त्याच्या पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या झेरॉक्स घरी आईजवळ ठेवाव्यात, मूळ पासपोर्ट कंपनीला देऊ नये. आपल्या १९६७ च्या कायद्याप्रमाणे पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, आणि बहुतेक आखाती देशांतही मालकाने तो ठेवून घेणे नियमात बसत नाही. तिकडे पोहोचताच दूतावासाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावे. दहावी झालेल्यानेही ऐच्छिक नोंदणी करावी.

इंतकालाच्या वेळी तर कागदाची गरज अधिकच. सौदीच्या मातीत दफन होणे आपल्याकडे अनेकजण नशीब समजतात आणि घरचे चटकन होकार देतात. पण तिथे दफन करायचे असो की मय्यत गावी आणायची असो, वारसांचे नोटरी केलेले संमतीपत्र लागते. दफन झाल्यावर हिसाब, भरपाई यांचा पाठपुरावाही त्याच कागदांवर चालतो. फोनवरचा ‘हां’ तिथे चालत नाही.

शेवटची गोष्ट शाळेची. मराठीच्या पेपरात मुले रोपवाटिकेला विनंतीपत्र लिहितात, पुस्तकविक्रेत्याला मागणीपत्र लिहितात. उर्दूत हेडमास्टरसाहेबांना रुखसतीची दरख्वास्त लिहितात. कोकणातल्या दहावीच्या वर्गात एक पत्र एम्बसीला लिहायला काय हरकत आहे? मी कोण, पासपोर्ट नंबर काय, कुठे काम करतो, काय झाले, कधी झाले, मला काय हवे. सहा ओळी. पेपरात ते पाच मार्कांचे असेल. दम्मामच्या कॅम्पात रात्री दोन वाजता त्याच सहा ओळी पोराला स्वतःच्या हाताने लिहिता याव्यात, आणि गावात त्याच्या बहिणीला त्या पोर्टलवर भरता याव्यात. माझ्या वर्गात हे पत्र मी घेतो. इतर शिक्षकांनीही घ्यावे, आणि मोहल्ल्याच्या जमातींनी एखाद्या जुम्याला नमाजीनंतर दहा मिनिटे या विषयाला द्यावीत.